ऊर्जा शून्य, दिशा शिल्लक

काकूंचा फोन आला तेव्हा मी शनिवार पेठेत गाडी लावायला जागा शोधत त्याच त्या गल्लीतून पुन्हा पुन्हा फिरत होते आणि डोकं तापलेलं होतं.

"वर येण्याआधी एक ऐकून घे," काकू म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मुलगा येतोय. यांच्यासाठी शहराबाहेर एक जागा बघून ठेवलीये त्याने, अशा माणसांना सांभाळतात तिथे. मी त्याला सांगितलंय, ज्या दिवशी यांचं गणित जाईल त्या दिवशी मी हो म्हणेन. तोवर हे या घरातून हलणार नाहीत. तर तू ते एकदा तपास आणि काय असेल ते खरं सांग. गोड बोलायचं असेल तर खालूनच परत जा."

काकू म्हणजे माझ्या सरांची बायको. सरांच्या हाताखाली मी पीएच.डी. केली, पुढे त्याच संस्थेत नोकरीला लागले. सर निवृत्त झाले तरी आमचं काम थांबलं नव्हतं. मग ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग मुलाचं नाव. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि काकूंनी ते घरात उच्चारायचं नाही असं ठरवून टाकलं. मध्यंतरी एका दुपारी सर घरातून निघून गेले. आम्ही सगळ्या पेठा पालथ्या घातल्या, कसब्यातल्या बोळांतून मी वेड्यासारखी हाका मारत फिरले, आणि शेवटी ते स्वारगेटच्या स्टँडवर बाकड्यावर बसलेले सापडले. अगदी शांत. घडी घातलेला रुमाल गुडघ्यावर. सर, इथे काय करताय, असं विचारलं तर म्हणाले, "गाडीला उशीर आहे." त्यानंतर मुलगा परदेशातून रोज फोन करायला लागला. त्याचं तरी काय चुकत होतं? काकूंचे गुडघे कामातून गेलेले, जिना उतरायचा म्हणजे त्यांना देव आठवायचा. पण काकूंचं एकच पालुपद होतं. गणित शाबूत आहे ना? मग माणूस शाबूत आहे.

हे गणित कुठलं, ते आधी सांगायला हवं. गुरुत्वाकर्षणाचा सगळ्यात लहान कण असावा असं आम्ही मानतो, त्याला ग्रॅव्हिटॉन म्हणतात. तो कुणी पाहिलेला नाही आणि माझ्या हयातीत कुणी पाहील असं मला वाटत नाही. असे काही ग्रॅव्हिटॉन एकमेकांजवळ आले, आदळले आणि विखुरले, तर कुठे किती विखुरतील याची सूत्रं आम्ही मांडतो. माझी आई म्हणायची, "न दिसणाऱ्यांची न झालेली टक्कर, आणि त्याचा तुला पगार मिळतो. धन्य आहे बाई!" जुन्या पद्धतीने एकेक सूत्र काढायला रीमच्या रीम कागद लागायचे. मग लोकांच्या लक्षात आलं की गुरुत्वाचं अवघड उत्तर दोन सोप्या उत्तरांच्या गुणाकारातून बांधता येतं. तेव्हापासून कागद आणि पेन्सिल घेऊन बसणाऱ्या सरांसारख्या माणसाला बरे दिवस आले.

सूत्र बरोबर आहे की नाही हे बघायची आमची रीत ठरलेली होती. दोघांनी वेगवेगळं करायचं. एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही, कारण दुसऱ्याचं बघितलं की तो जिथे घसरला तिथेच आपणही घसरतो. दोघांनी सूत्रात तेच आकडे घालायचे आणि शेवटचा अपूर्णांक तेवढा मोठ्याने वाचायचा. जुळला तर सूत्र खरं, नाहीतर दोघांनी आपापलं पहिल्यापासून करायचं.

आणि ते आकडे कुठले, यातही सरांची एक गंमत होती. या कणांना वस्तुमान नसतं. त्यामुळे तीन दिशांच्या तीन आकड्यांचे वर्ग मिळवले की बेरीज ऊर्जेच्या वर्गाएवढी यावी लागते. एक, दोन, दोन घेतले तर बेरीज नऊ, म्हणजे ऊर्जा तीन. असे पूर्णांकात नेमके बसणारे लहान आकडे फार नसतात. नवा विद्यार्थी आला की सर त्याला सांगायचे, "आपले आकडे निवडा. नंतर बदलून मिळणार नाहीत." मी घाबरट, मी सगळ्यात लहान घेतले, एक, दोन, दोन. सरांचे एक, चार, आठ. पुढे अमेरिकेत गेलेल्या एका सीनियरचे चार, चार, सात. आमच्यातले दोघं-तिघं ज्या टकरीत असतील त्यात सगळ्यांची बेरीज शून्य व्हावी म्हणून जे बाकीचे कण घालावे लागत, त्यांना आम्ही पाहुणे म्हणायचो.

दोन, तीन, सहा हे माझ्या मित्राचे होते.

तो नागपूरकडचा. माझ्याच वर्षी लागला. पुण्यात आल्या आल्या त्याने सदाशिव पेठेतल्या खोलीमालकाशी पाण्यावरून भांडण केलं आणि मग सरांच्या घरी येऊन काकूंना विचारलं, "काऊन जी, पुण्यात लोकं पाणी बी मोजून पितात का?" काकू अस्सल पुणेरी, त्या म्हणाल्या, "पितो. तू बस, तुला न मोजता देते." तेव्हापासून दर रविवारी तो त्यांच्याकडे जेवायला. सरांशी वाद घालायची हिंमत आमच्यात फक्त त्याच्यात होती. आमच्या सूत्रांत एक रिवाज आहे, सगळे कण बाहेर जाणारेच लिहायचे. येणाऱ्यालाही जाणाराच लिहायचं, फक्त चिन्ह उलटं करायचं. पहिल्या दिवशी हे ऐकून तो म्हणाला, "मग येणारा कोणीच नाही का, सर?" सर इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. मला तो आवडायचा. फार आवडायचा. त्याला ते कळलं होतं की नाही, देव जाणे.

एका वर्षी तो दसऱ्याला गावी गेला. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, दसऱ्याला सगळं घर दीक्षाभूमीवर जायचं, ते त्याने कधी चुकवलं नाही. काकूंनी प्रवासाला धपाट्यांचा डबा दिला, आणि डबा परत आणायचा अशी ताकीदही दिली. तिकडून त्याचा सरांना फोन आला, "सोमवारी येऊन राहिलो, सर. मी आल्याशिवाय सुरू नका करू जी." आम्ही एक नवं सूत्र तपासायला घेणार होतो. सोमवारी तो आला नाही. तापाचं निमित्त झालं, डोक्यात गेला म्हणाले, आणि पुण्यात आम्हाला कळलं तोवर सगळं उरकून गेलं होतं. सरांनी त्याला शेवटचं पाहिलं ते इथल्या दारातून डबा घेऊन जाताना. त्यानंतर दोन, तीन, सहा हे आकडे आम्ही कुणी कधी वापरले नाहीत. तसं कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप झालं.

तर त्या दिवशी मी जिना चढून वर गेले. सर खिडकीपाशी बसले होते, दाढी केलेली, सदऱ्याची बटणं एक घर चुकून लावलेली. माझ्याकडे बघून ते छान हसले. मी म्हटलं, "सर, एक तपासायचंय. पाच कणांचं आहे."

"कोण कोण?" त्यांनी लगेच विचारलं.

"तुम्ही, मी, चार-चार-सात, आणि दोन पाहुणे." पाहुण्यांचे आकडे मी सांगितले. सरांनी मनात बेरीज केली, शून्य येतेय म्हणून मान हलवली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी ते बघितलं आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, बघ म्हणून. मलाही एकदम हलकं वाटलं.

"बरं. सगळे आले की सुरू करू," सर म्हणाले.

"सगळे आलेत, सर. एवढेच आहेत."

काकूंनी जुन्या कॅलेंडरांची पानं कोऱ्या बाजूने दिली, सरांनी पेन्सिल घेतली आणि मान खाली घातली.

पुढचे काही दिवस काकू फोनवर नुसतं एवढंच सांगायच्या, बसलेत. जेवायला उठवावं लागतं, आपण कुठल्या खोलीत आहोत ते मधूनच विसरतात, पण कागदाशी बसलेत. मग एका सकाळी मी ऑफिसात असताना काकूंचा फोन आला, "झालं म्हणतायत. घे, बोल त्यांच्याशी." सरांनी अपूर्णांक सांगितला. वरचा आकडा लांबलचक, खालचा त्याहून लांब. कुठे अडखळले नाहीत. मी पुन्हा सांगायला लावला, पुन्हा तोच सांगितला. आवाज असा, की मी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे आणि वर्गात उशिरा आलेय.

माझं उत्तर कॉम्प्युटरवर आधीच काढलेलं होतं. ते वेगळं होतं.

मी माझं पुन्हा केलं. नव्याने, जुन्यातलं काही न घेता. तेच आलं. मग दुसऱ्या पद्धतीने केलं, तरी तेच. चूक माझ्याकडे नव्हती. काकूंना काय सांगू, हा एकच विचार डोक्यात होता. म्हटलं, अजून एक बघावं. चुकलेल्या उत्तराला बरोबर उत्तराने भागलं की पुष्कळदा चुकीची जात कळते. भागाकार दोन आला तर माणूस कुठेतरी निम्मं करायला विसरलाय. वजा एक आला तर चिन्ह उलटलंय. असल्या चुका सर धडधाकट असतानाही करायचे, आणि आम्ही चहा पिता पिता त्यांना चिडवायचो. पण भागाकार नुसता कचरा आला, आगापिछा नसलेला, तर त्याचा अर्थ एकच होता. मी देवाजवळ दोन मागत होते. खरंच, देवाबिवावर माझा विश्वास नाही तरी मागत होते.

दोन आला नाही. कचराही आला नाही.

भागाकाराचा छेद लहान लहान तुकड्यांत फुटत होता. स्वच्छ, नीटनेटका. मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग मला तो आकार ओळखू यायला लागला. आमच्या सूत्रांची आणखी एक कसोटी असते. एका ग्रॅव्हिटॉनची ऊर्जा कमी कमी करत शून्यावर न्यायची. तो मग टकरीत कुणाला धक्का देत नाही, बेरजेत दिसत नाही, जणू नाहीच. पण उत्तरातून तो जात नाही. त्याचा एक गुणक मागे राहतो, आणि त्यात उरलेल्या प्रत्येक कणाशी त्याचं एकेक नातं लिहिलेलं असतं. एकालाही तो वगळत नाही, गुरुत्वाचा स्वभावच तसा. ऊर्जा गेली तरी त्याची दिशा त्या गुणकात शिल्लक असते.

सरांचं उत्तर म्हणजे माझं उत्तर गुणिले असा एक गुणक होता. सरांनी पाच जणांचं गणित केलंच नव्हतं. त्यांनी सहावा धरला होता, ऊर्जा शून्य असलेला.

कुठल्या दिशेचा, ते मला आकडे न घालताच कळलं. तरी मी आधी इतर जुन्या विद्यार्थ्यांचे घालून बघितले, कारण हात तिकडे जाईना. एकही जुळला नाही. मग मी दोन, तीन, सहा टाईप केले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एकेक कण घेऊन बेरीज केली, आणि भागाकार शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये पोरं पिझ्झा कुठून मागवायचा यावरून इंग्रजीत हुज्जत घालत होती. मला थंडी वाजायला लागली. कुणीतरी पाठीमागे येऊन उभं राहिलं आहे असं वाटलं, आणि मी चक्क वळून बघितलं. हसायचं तर हसा. तेव्हाच मला स्वारगेटचं बाकडंही कळलं, सर कुणाच्या गाडीची वाट बघत होते ते. नागपूरच्या गाड्या तिथे येत नाहीत, हा भाग वेगळा.

तशीच उठले आणि शनिवारात गेले. गाडी कुठे लावली आठवत नाही, दंड मात्र झाला. काकूंनी दार उघडलं आणि पायातली चप्पलही काढू दिली नाही.

"जुळलं?"

"नाही जुळलं, काकू." त्यांचा चेहरा पडला तो बघवेना, म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "पण बरोबर आहे. एकही चूक नाही. माझ्याहून अवघड गणित केलंय त्यांनी. फक्त एक माणूस जास्त धरलाय."

"कोण?"

"दोन, तीन, सहा."

काकूंना आमचे सगळ्यांचे आकडे पाठ होते, रविवारच्या पंगतीला सर त्याच आकड्यांनी हाका मारायचे. त्या भिंतीला धरून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "माझा कडीचा डबा घेऊन गेलाय मेला. डबा द्यायला म्हणून तरी यायचं होतं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मीही रडले. तो गेला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींसमोर रडलो नव्हतो, तेव्हा सरांकडे बघायचं होतं.

मग काकूंनी डोळे पुसले, मुलाला फोन लावला आणि त्याला म्हणाल्या, "गणित शाबूत आहे. हे इथेच राहतील." पलीकडून तो काहीतरी बराच वेळ बोलत होता. काकूंनी फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग. माझ्यावर विश्वास नाही त्याचा."

"ताई, मला त्यातलं काही कळत नाही," मुलगा म्हणाला. आवाज दमलेला होता. "आई एकटी आहे तिथे. उद्या बाबा पुन्हा कुठे निघून गेले तर? मला फक्त हो की नाही सांगा. बाबांचं डोकं अजून चालतंय का?"

खरं सांग, असं काकूंनी बजावलं होतं. खरं माझ्याकडे दोन होतं. एक असं की सरांच्या गणितात तसूभर चूक नाही. दुसरं असं की सर ज्या घरात राहतात त्या घरात दोन-तीन-सहा अजून यायचाय. मुलाने त्यातलं एकच विचारलं होतं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून.

"हो," मी म्हटलं. "चालतंय."

तो "ठीक आहे, तुम्ही म्हणताय तर," म्हणाला आणि फोन बंद झाला. काकूंनी मोठा श्वास सोडला आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. त्या उठताना गुडघ्याला लागलेली कळ मला त्यांच्या तोंडावर दिसली.

मी आतल्या खोलीत गेले. सर खिडकीपाशीच होते. कॅलेंडरची पानं नीट रचून ठेवलेली होती, मी त्यांत डोकावले नाही. विचारलं, "सर, सहावा का धरलात?"

"धरला म्हणजे?" सर खेकसले. "तो आहेच. ऊर्जा नाही त्याच्यात, म्हणून तुमच्या बेरजेत दिसत नाही, इतकंच. दिशा आहे ना? मग सोडायचा कसा? सगळ्यांशी जोडलेला असतो तो." मग माझ्याकडे जरा निरखून बघितलं. रागाचा आवाज एकदम सौम्य झाला, परक्याशी बोलावं तसा. "क्षमा करा हं, पण आपण कोण? कुणाकडे आलात?"

सरांनी आयुष्यात मला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. पाठीमागे दारात काकू उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या कपबशा वाजल्या, आणि मग वाजायच्या थांबल्या. माझ्या कानात मुलाला दिलेला तो 'हो' घुमत होता. नाव सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण नावाचा काही उपयोग होईल असं वाटेना.

"एक, दोन, दोन," मी म्हटलं.

सरांच्या कपाळावरची आठी गेली. "हात् तिच्या! अगं, मग उभी काय राहिलीस? बस की. तो सोमवारी येतोच म्हणालाय. आला की सुरू करू."

मी खुर्ची ओढली. ती दाराकडे पाठ करून होती. मी ती फिरवली आणि दाराकडे तोंड करून बसले.